आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक शिष्यवृत्ती : ६ लाख डॉलर कुठे आणि कसे द्यावेत?

पाऊलखुणा

मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाच्या वतीने विचारते आहे. त्यांना ६ लाख डॉलर आफ्रिकन-अमेरिकन मुलामुलींच्या वैद्यकीय आणि विज्ञान शिक्षणासाठी द्यायचे आहेत. घरातल्या चौघांनी मिळून निर्णय घ्यायचे, असं त्यांच्या मनात आहे. प्रश्न असे :

स्वतःचं फाउंडेशन काढावं, डोनर ॲडव्हाइज्ड फंड (दुसऱ्या संस्थेने सांभाळायचा, आपण फक्त सल्ला द्यायचा असा फंड) उघडावा, की थेट कॉलेजला पैसे द्यावेत? "फक्त आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी" असं अर्जावर लिहिता येतं का? किती मुलांना किती रक्कम द्यावी? आणि घरातलीच एक नात पुढच्या वर्षी प्री-मेडला (वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीच्या पदवी अभ्यासक्रमाला) जाणार आहे, तिने अर्ज केला तर चालेल का?

ताळेबंद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उत्तर सरळ आहे : नाही. देणगीदार, त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं आणि या सगळ्यांचे जोडीदार कायद्याने अपात्र व्यक्ती ठरतात. फाउंडेशनमधून नातीला एक डॉलर जरी गेला तरी तो स्वहिताचा व्यवहार धरला जातो आणि त्यावर दंडात्मक कर बसतो. तिच्यासाठीची तरतूद या पैशांपासून पूर्ण वेगळी ठेवा.

आता मार्ग. खासगी फाउंडेशनला व्यक्तींना शिष्यवृत्ती देता येते, पण निवडीच्या कार्यपद्धतीला आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) पूर्वमंजुरी लागते. नवीन संस्था असेल तर फॉर्म १०२३ च्या शेड्यूल एचमध्ये, जुनी असेल तर फॉर्म ८९४० वर ती मागायची. पात्रतेचा गट पुरेसा मोठा हवा, निकष वस्तुनिष्ठ हवेत, निवड समितीतल्या कोणाचाही त्यात फायदा नको आणि दिलेला पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरला गेला याची नोंद हवी. पूर्ण अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत नकार आला नाही, तर नकार येईपर्यंत ती पद्धत मंजूर धरता येते. मंजुरीशिवाय चेक लिहिले तर प्रत्येक चेकवर फाउंडेशनला २० टक्के कर, आणि जाणूनबुजून सही करणाऱ्या विश्वस्ताला वेगळा ५ टक्के. शिवाय दरवर्षी फॉर्म ९९०-पीएफ (फाउंडेशनचं वार्षिक विवरणपत्र), गुंतवणुकीच्या निव्वळ उत्पन्नावर १.३९ टक्के कर आणि मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटप करण्याचं बंधन. ६ लाखांच्या निधीवर हिशेबनीस आणि वकिलाचे दरवर्षीचे काही हजार डॉलर म्हणजे एका विद्यार्थ्याची पुस्तकं आणि भाडं. एवढ्या रकमेसाठी मी फाउंडेशन सुचवणार नाही.

डोनर ॲडव्हाइज्ड फंडातून व्यक्तीला पैसे देताच येत नाहीत. २००६ च्या पेन्शन प्रोटेक्शन ॲक्टने ते बंद केलं. एक अपवाद आहे : समितीचे सगळे सदस्य फंड सांभाळणाऱ्या संस्थेने नेमलेले असतील आणि देणगीदाराचं समितीवर प्रत्यक्ष किंवा आडून नियंत्रण नसेल, तर शिष्यवृत्ती फंड चालतो. चौघं मिळून मुलं निवडणार, ही कल्पना इथे बसत नाही. मात्र त्याच फंडातून विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती खात्याला अनुदान देता येतं. निवड विद्यापीठ करेल, एवढीच अट. या कुटुंबासाठी मला हाच रस्ता योग्य वाटतो. चौघांनी निर्णय घ्यावेत ते संस्था कोणती, निकष कोणते आणि किती वर्षं, याबद्दल.

दस्तऐवज

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे, म्हणून जरा सविस्तर.

विद्यापीठ केंद्र सरकारचा पैसा घेत असेल (जवळजवळ सगळी घेतात) तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण लागू होतं. खासगी देणगीदाराची वंशाधारित शिष्यवृत्ती विद्यापीठाने चालवली तरी जबाबदारी विद्यापीठावर येते. मेरीलँड विद्यापीठाची कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीची बॅनेकर शिष्यवृत्ती १९९४ मध्येच चौथ्या सर्किटच्या (केंद्रीय अपील न्यायालयांच्या एका विभागाच्या) न्यायालयाने रद्द ठरवली होती. प्रवेशात वंश विचारात घेण्याविरुद्धच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या हार्वर्ड निकालानंतर विद्यापीठं अधिकच सावध झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने काढलेल्या सूचनापत्रात वंशाधारित शिष्यवृत्त्यांचा बेकायदेशीर म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, आणि वंशाऐवजी मुद्दाम निवडलेल्या पर्यायी निकषांबद्दलही इशारा आहे.

"आमचा पैसा खासगी, आम्ही सरकारकडून काहीच घेत नाही" हा बचावही आता पुरत नाही. १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं कलम १९८१ खासगी करारांनाही लागू आहे. मुक्त झालेल्या गुलामांना करार करता यावेत म्हणून हे कलम आलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते गोऱ्या व्यक्तींनाही संरक्षण देतं असा निकाल दिला. जून २०२४ मध्ये अकराव्या सर्किटने फियरलेस फंडाची कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांसाठीची २०,००० डॉलरची अनुदान स्पर्धा २ विरुद्ध १ मतांनी थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती बंद झाली. त्या स्पर्धेच्या नियमांना कराराचं रूप होतं, हा तिथला कळीचा मुद्दा होता. शिष्यवृत्तीच्या बदल्यात अहवाल, काम, नाव आणि छायाचित्र वापरण्याचा हक्क मागितलात, तर तुमचं पत्रही करारासारखं दिसायला लागतं. मेरीलँड चौथ्या सर्किटमध्ये येतं, पण म्हणून धोका टळत नाही.

मग हेतू साधायचा कसा? संस्था निवडून. हॉवर्ड (वॉशिंग्टन), मेहॅरी (नॅशव्हिल), मोअरहाउस स्कूल ऑफ मेडिसिन (अटलांटा) आणि चार्ल्स ड्रू (लॉस एंजेलिस) या चार ऐतिहासिक कृष्णवर्णीय वैद्यकीय संस्थांत आर्थिक गरज हाच निकष ठेवायचा. पदवीपूर्व पातळीवर न्यू ऑर्लीन्सचं झेवियर विद्यापीठ बघा. वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीय विद्यार्थी पाठवण्यात ते कित्येक वर्षं अग्रेसर आहे. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजने २०२० मध्ये या चार संस्थांना १० कोटी डॉलर दिले ते याच पद्धतीने : गरजू विद्यार्थ्याला चार वर्षांत १ लाखापर्यंत. २०२४ मध्ये त्यांनी आणखी ६० कोटी दिले, तेही थेट संस्थांना.

कुटुंबाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. या संस्थांचे दरवाजे सर्व वंशांना खुले आहेत, त्यामुळे एखाद्या वर्षी तुमची शिष्यवृत्ती कृष्णवर्णीय नसलेल्या गरजू मुलालाही मिळू शकते. त्याला आतून विरोध असेल तर हा मार्ग घेऊ नका. कागदावर एक आणि फोनवर दुसरं असं केलंत तर संस्था अडचणीत येते.

सूक्ष्मदर्शी

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. मी रकमेबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

नेहमीची चूक म्हणजे नूतनीकरण विसरणं. "दरवर्षी दोन मुलं, प्रत्येकी १०,००० डॉलर" हे ऐकायला २०,००० वाटतं. पण अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. दुसऱ्या वर्षी ४०,०००, तिसऱ्या वर्षी ६०,००० आणि चौथ्या वर्षापासून दरसाल ८०,०००. बऱ्याच शिष्यवृत्त्या तिसऱ्या वर्षी अडखळतात त्या इथेच, आणि अर्ध्या वाटेवरचं मूल अडकतं.

६ लाख कायमस्वरूपी निधीत ठेवले आणि वर्षाला ४ टक्के काढले, तर २४,००० मिळतात. म्हणजे दरवर्षी एक नवा विद्यार्थी, त्याला वर्षाला ६,०००. वैद्यकीय शिक्षणात या रकमेने कोणाचा निर्णय बदलत नाही. त्याऐवजी दहा वर्षांत सगळा पैसा खर्च करायचा असं ठरवा : पहिली सात वर्षं दरवर्षी एक विद्यार्थी घ्या, प्रत्येकाला वर्षाला २०,००० असे चार वर्षांत ८०,०००. सात जणांचे झाले ५,६०,०००. उरलेले ४०,००० अडीअडचणीसाठी. पैसा वाटेल तसा वाढेल हे मी धरलेलंच नाही. निधी कायम न ठेवता खर्चून टाकावा, हेच मत उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्डचंही होतं. त्याच्या निधीने अर्नेस्ट जस्टसारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाला हात दिला, दक्षिणेत हजारो शाळा उभ्या केल्या आणि १९४८ मध्ये सगळी रक्कम खर्चून तो निधी बंद झाला.

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना केंद्र सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज मिळणार नाही, आणि वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० व एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आहे. खर्च त्याच्या वर गेला की खासगी कर्ज, आणि त्यासाठी बहुधा पत असलेला सहकर्जदार लागतो. ज्याच्या घरात असा माणूस नाही, त्याच्यासाठी वर्षाचे २०,००० म्हणजे प्रवेश घेता येणं किंवा न येणं.

विज्ञानासाठी काही वेगळं ठेवायचं असेल तर बाल्टिमोरच्या यूएमबीसी या सरकारी विद्यापीठातला मायरहॉफ स्कॉलर्स कार्यक्रम नीट अभ्यासा, तो तुमच्याच राज्यात आहे. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ या दांपत्याने १९८८ मध्ये ५ लाख डॉलर दिले. पहिली १९ मुलांची तुकडी, सगळे कृष्णवर्णीय तरुण. पुढच्या वर्षी मुली आल्या, १९९६ पासून सर्व वंशांना प्रवेश. शिष्यवृत्ती हा त्याचा एक भाग. त्यासोबत पहिल्या वर्षाआधीचा सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग, एकत्र राहणं, गटाने अभ्यास आणि लवकर प्रयोगशाळेत काम. मुलं सोडून जातात ती बहुतेक पहिल्या वर्षीच्या रसायनशास्त्रात आणि कॅल्क्युलसमध्ये, एकटी पडल्यामुळे. नुसत्या चेकने ते थांबत नाही. कोविड लसीवर काम केलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून पुढे आल्या. तेवढं सगळं उभं करणं ६ लाखांत होणार नाही, पण अशा चालू कार्यक्रमातल्या उन्हाळी वर्गाचा किंवा संशोधन विद्यावेतनाचा खर्च उचलता येतो.

पाऊलखुणा

खूप उपयोगी. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेज स्वतःची मदत कापतं असं ऐकलं, ते कसं टाळायचं? दोन, नूतनीकरणासाठी ३.५ जीपीएची (४ पैकी सरासरी गुणांची) अट ठेवावी, असं कुटुंबातल्या थोरल्यांचं म्हणणं आहे.

सूक्ष्मदर्शी

३.५ नका ठेवू. सेंद्रिय रसायनाचं एक सत्र बिघडलं की मूल खाली येतं, आणि पैसा नेमका तेव्हाच जातो. बरीच वैद्यकीय महाविद्यालयं पहिल्या दोन वर्षांत पास-नापास एवढंच देतात, तिथे जीपीए असतोच कुठे? "संस्थेच्या नियमानुसार समाधानकारक प्रगती, आणि घसरल्यास एका सत्राची मुभा" एवढं पुरेसं आहे. थोरल्यांना आभारपत्र हवं असेल तर ते ऐच्छिक ठेवा.

ताळेबंद

कपातीबद्दल. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी विद्यापीठांत अशा कपातीवर बंधन घातलं, बंदी घालणारं ते पहिलं राज्य. पण खासगी संस्थांना आणि इतर राज्यांना तो कायदा लागू नाही, आणि तुमच्या यादीतली वैद्यकीय महाविद्यालयं मेरीलँडबाहेर आहेत. म्हणून देणगीपत्रातच लिहून घ्या : ही रक्कम आधी कर्ज आणि वर्क-स्टडीची (शिकताना काम करून मिळणाऱ्या मदतीची) जागा घेईल, संस्थेच्या अनुदानाची नाही. एकूण मदत त्या संस्थेने ठरवलेल्या शिक्षणखर्चाच्या वर जाता येत नाही, तिथे कपात अटळ आहे. तशा वेळी रक्कम पुढच्या वर्षी वळवण्याची तरतूद ठेवा. आणि वेळ पाळा. मदतीचं पत्र निघाल्यानंतर ऑगस्टमध्ये पैसे आले की आर्थिक मदत कार्यालयाला आधीचा हिशेब मोडावा लागतो. नावं एप्रिलपर्यंत पक्की व्हावीत.

शिक्षणशुल्क, पुस्तकं आणि सक्तीची उपकरणं यावरची शिष्यवृत्ती करमुक्त, भाडं आणि जेवणाचा भाग मात्र विद्यार्थ्याच्या करपात्र उत्पन्नात येतो. पहिल्या पत्रातच त्याला हे सांगितलं जावं.

दस्तऐवज

देणगीपत्रात आणखी दोन कलमं घाला : एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थी मिळाला नाही तर काय, आणि कायदा बदलून निकष चालेनासा झाला तर बदल कोणाच्या संमतीने करायचा. दुसरं नसेल तर पुढे न्यायालयात जाऊन अटी बदलून घ्याव्या लागतात. बऱ्याच जुन्या वंशाधारित निधींवर सध्या तीच वेळ आली आहे.

सूक्ष्मदर्शी

त्या ४०,००० बद्दल राहिलंच. ते विद्यापीठाच्या प्री-मेड कार्यालयामार्फत लहान रकमांत द्या : एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची फी (३०० डॉलरच्या वर), अर्जांची फी, बिनपगारी उन्हाळी संशोधनाच्या काळातलं भाडं. अर्ज मे-जूनमध्ये जातात, म्हणून हा पैसा जानेवारी ते मार्चमध्ये हातात हवा. त्याआधी विद्यार्थ्याने एएएमसीच्या (एमकॅट घेणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या) फी सवलत योजनेत अर्ज करून मंजुरी घ्यायला हवी. एमकॅटची नोंदणी आधी झाली तर सवलत मागे जाऊन मिळत नाही, आणि तो खर्च मग तुमच्या निधीवर पडतो.