मी परंपरावादी आहे, आणि लिव्ह-इनची सक्तीची नोंदणी मला नको

गोदाकाठ:

लग्न करून संसार थाटावा, म्हाताऱ्या आईवडिलांना आपल्याजवळ ठेवावं, सणवार एकत्र करावेत, या मताचा मी माणूस आहे. लिव्ह-इन मला पटत नाही. तरीही उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात त्यासाठी जी सक्ती आहे, तिला माझा विरोध आहे. हा कायदा तिथे २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. एकत्र राहायला लागल्यावर महिन्याच्या आत निबंधकाकडे नोंद करायची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहिती पोलीस ठाण्याला जाते. दोघांपैकी कुणी २१ वर्षांखालचं असेल तर आईवडिलांनाही कळवतात. माझ्याच विचारांची मंडळी यावर खूश आहेत आणि महाराष्ट्रातही असंच हवं म्हणतात.

मला यात धोका दिसतो. कुटुंब सरकारच्या आधीपासून आहे, आणि ते टिकवायचं काम घरच्यांचं आहे. आज सत्तेत आपल्या विचारांचे लोक आहेत म्हणून त्यांना घरात घेतलं, तर उद्या दुसऱ्या विचारांचे आल्यावर कोणत्या तोंडाने बाहेर थांबा म्हणणार? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी टिळकांनी हेच मांडलं होतं, की सुधारणा समाजातून यावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. सरकार आपलं झालं म्हणून प्रश्न संपत नाही.

घरातलंच सांगतो. माझा पुतण्या पुण्यात मैत्रिणीबरोबर राहतो. वहिनीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मीही त्याला तोंडावर सांगितलं की हे मला मान्य नाही. मग गणपतीत आईने स्वतः फोन केला, "तिलाही घेऊन ये." मुलगी आली, स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत उभी राहिली. आईने उकडीचा गोळा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मध्ये जाड राहू दे, कडा पातळ कर, नाहीतर फुटतो." वहिनी शेजारीच नारळ खोवत होती. बऱ्याच वेळाने तिने मुलीला माहेर कुठलं ते विचारलं. लग्नाचं अजून ठरलेलं नाही, पण बोलणं सुरू झालं आहे. त्याआधी पोलीस ठाण्यातून घरी फोन आला असता तर तो मुलगा पुन्हा आमच्या दारात आला नसता, याची मला खात्री आहे.

अबोली:

नोंदणीला माझाही विरोध आहे, पण तुमची कारणं मला अजिबात मान्य नाहीत. संमतिवयाच्या कायद्याने काय केलं? मुलीचं वय दहावरून बारा केलं. एवढंच! बंगालमध्ये दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. समाजातून सुधारणा येईपर्यंत अजून किती मुलींनी वाट बघायची होती?

आणि तुमच्या आईंनी मायेने बोलावलं, छानच झालं. सगळी घरं तशी नसतात. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून पोटच्या मुलीला मारणारे बाप आपल्या महाराष्ट्रातही आहेत. वीस वर्षांच्या मुलीच्या घरी सरकारी कागद जाणं म्हणजे तिचा पत्ता त्यांच्या हातात देणं. माझा विरोध या भीतीपोटी आहे. तुम्हाला कुटुंबाचं स्वातंत्र्य हवंय, मला त्या मुलीचं.

सह्यकडा:

गोदाकाठ दादा, मीही तुमच्याच पंथातला, पण इथे तुमच्याशी सहमत नाही. मी वकिली करतो. सोडून दिलेली बाई आली की आधी सिद्ध करावं लागतं की ती "लग्नासारख्या नात्यात" होती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हे शब्द आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या कसोट्या घालून दिल्या. समाजात नवरा-बायकोसारखे वावरत होते का, पुरेसा काळ एकत्र होते का, वगैरे. समोरचा म्हणतो, ही नुसती ओळखीची होती. शेजारी साक्ष द्यायला येत नाहीत, घरमालक कानावर हात ठेवतो. नोंदीचा एक कागद असता तर? उत्तराखंडच्या कायद्यात सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते, मूल औरस ठरतं. हे परंपरावाद्याला नको? बाईला वाऱ्यावर सोडू नये, ही तर आपलीच शिकवण.

गोदाकाठ:

सह्यकडा, पोटगी द्या, मुलाला हक्क द्या, माझी हरकत नाही. ज्याला नोंद करायची त्याला करू द्या. न करणाऱ्याला कैद कशासाठी? २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा मला योग्य वाटतो, कारण तिथे म्हातारा बाप स्वतः न्यायाधिकरणाकडे जातो. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन मुलाने नंतर हाकलून दिलं, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. कुणी मदतीला हाक मारली की सरकारने धावून जावं. कुणी हाक मारलेली नसताना खोलीत कोण राहतं याची यादी पोलिसांनी ठेवू नये.

अबोलीताई, लहान पोरीचा जीव जातो तिथे कायदा हवाच. ती मोठ्याने हाक मारू शकत नाही. पण दोन सज्ञान माणसांचा प्रश्न वेगळा आहे. पुराव्याचं म्हणाल, तर पुतण्याच्या भाडेकरारावर दोघांची नावं घालायला मी लावली. हे काम काकाचं आहे.

माणदेशी:

समाज आतून बदलतो याचं आपल्याकडचंच उदाहरण देतो. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. आधी गावाने ठरवलं, राज्य सरकारचं परिपत्रक नंतर आलं.

अबोली:

हेरवाडचा मलाही अभिमान आहे. पण ग्रामपंचायत कायद्यानेच उभी आहे ना? आज तिथे निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्याही कायद्याने. त्या जागा नसत्या तर असले विषय किती गावांत चर्चेला आले असते?

आणि गोदाकाठ, एक थेट प्रश्न. रखमाबाईंना १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. तेव्हा सनातनी मंडळींना सरकार घरात आलेलं चाललं होतं. आजही हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आहेच, जोडीदाराला नांदायला बोलावण्यासाठी दावा लावता येतो. तिथे तुमचा उंबरठा कुठे जातो?

गोदाकाठ:

कलम ९ रद्द झालं तर मी विरोध करणार नाही. न्यायालयाच्या हुकमाने आलेली बायको किंवा नवरा घरात राहील, संसार होणार नाही. रखमाबाईंच्या बाबतीतही माझं हेच मत आहे, मग तेव्हा माझ्या बाजूचे कितीही मोठे लोक विरुद्ध असोत.

सह्यकडा:

असं एकेक कलम सोडत गेलात तर लग्नाला कायद्याचा आधार उरेल का? बायको न सांगता निघून गेली, दोन लहान मुलं मागे, नवऱ्याला समेट हवाय, असे अशील माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे कलम ९ शिवाय दुसरा मार्ग नसतो. नाहीतर थेट घटस्फोट. तुम्ही पुण्यातल्या एका समजूतदार घरावरून कायदा ठरवताय. माझ्याकडे येणाऱ्यांना काका नसतो.