स्प्रिंग बदलण्याआधी शॉकअपचा वाव मोजा

गाडीची उंची कमी करायची तर काही जण लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवायला बनवलेली आखूड स्प्रिंग) घ्यायला सांगतात, तर काही जण म्हणतात की मूळ स्प्रिंगचं दीड वेटोळं कापलं की गाडी फुकटात खाली बसते. बसते, खरं आहे. पण चाक खड्ड्यात लोंबलं की ती आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटते आणि परत वाकडी बसते. ज्यांची टोकं निमुळती वळवलेली असतात, त्या तर कापूच नयेत. लोअरिंग स्प्रिंग घ्या हा सल्ला बरोबर, फक्त 25-30 मिमीच्या पुढे गेलात तर मूळ शॉकअपवर भागत नाही. समजा बंप स्टॉपपर्यंत (चाक वर जाताना शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) 60 मिमी वाव आहे आणि गाडी 40 नं उतरवली, तर उरले 20. आपल्याकडचे बरेच रस्ते काळ्या मातीवर. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि डांबराला लाटा येतात. 20 मिमीत त्या लाटा कशा झेलणार? गाडी सारखी बंप स्टॉपवर आदळते. तेव्हा खाली बसवलेल्या गाडीसाठीचे आखूड शॉकअप स्प्रिंगसोबतच घ्या.

आणि हो, लोअर आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी सांध्याचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आठवडाभरानं, स्प्रिंग नीट बसल्यावर. टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते) आधी बघा, टायर आतून खातो तो बहुतेक त्याच्यामुळेच.