'सिंक'ला तुमच्याकडे काय म्हणतात?

मोबाईलवाला, चोपडा

दुकानात दिवसातून वीस-पंचवीस वेळा हा शब्द माझ्या तोंडून जातो. "सिंक चालू करून देतो", "सिंक अडकलंय, वायफायवर या", "एकदा सिंक मारा, नंबर येतील." बोलताना कधी अडत नाही. पण गिऱ्हाइकाने विचारलं, "म्हणजे काय होतं?" की मी नुसते हात हलवतो. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

गेल्या आठवड्यात हे हात हलवणं अंगाशी आलं. तालुक्यातल्या एका मावशींना मी नवा फोन लावून दिला होता. जुना फोन मुलगा पुण्याला घेऊन गेला, खातं दोन्हीकडे तेच. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "मावशी, फोटो सगळे सिंक आहेत, निवांत राहा." मावशींनी त्याचा अर्थ घेतला की फोटो कुठेतरी सुखरूप ठेवलेत. मग फोन भरला, जागा नाही म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा त्यांनी नातवाच्या जावळाचे फोटो एकेक करून निवडले आणि पुसले. पुण्याच्या फोनमधूनही गेले. मावशी दुकानात आल्या, फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, मन्हा फोटू कोठे गयात? तूच सांगेल व्हतं ना, सिंक शेतस म्हनीसन."

फोटो सापडले. अ‍ॅपच्या कचरापेटीत पडून होते आणि मुदत संपायला काही दिवस होते. एकेक परत येताना मावशी मोजत होत्या. पण चूक त्यांची नव्हती. मी जो शब्द दिला त्यात "इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं" हे कुठेच ऐकू येत नाही.

तर आपल्या भागात कोणी याला वेगळा, समजेल असा शब्द वापरतं का? पुस्तकातला नको. दुकानात उभ्या माणसाला कळेल असा हवा.

केळीवाला, रावेर

शब्द माहीत नाही, गंमत सांगतो. परवा आबांना म्हणालो, "आबा, फोनला सिंक मारा." आबा म्हणाले, "मागच्याच महिन्यात तर दिलं." त्यांना खतातलं झिंक ऐकू आलं. आत बायको ओरडतेय, सिंक तुंबलंय, प्लंबरला बोलवा. घर एकच आणि मराठीत लिहायला गेलं तर अक्षरं तीच.

भाषांतरकार, पुणे (माहेर धुळे)

माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मूळ ग्रीक: 'सिन' म्हणजे सह, 'ख्रोनोस' म्हणजे काळ. एकाच वेळी घडवून आणणं. त्यावरून आपल्याकडे समकालन, समक्रमण, संकालन असे शब्द पाडले गेले. हिंदीत पारिभाषिक म्हणून तुल्यकालन आहे. माझ्या एका जुन्या फोनवर 'संकालन' वाचल्याचं मला स्पष्ट आठवतं. पहिल्यांदा मी ते 'संकलन'च वाचलं होतं. मुद्रणदोष समजून हसलेसुद्धा.

या साऱ्या शब्दांची अडचण एकच. त्यांत काळ आहे नाही तर क्रम आहे, आणि फोनमध्ये मुद्दा तो नसतोच. घड्याळं जुळवायची तर समकालन ठीक. दोन फोनमधली यादी सारखी करायची तर तिथे काळ हे फक्त साधन आहे, कोणती नोंद नवी आणि कोणती जुनी ते ठरवायला. हातात मावणाऱ्या यंत्राशी हा शब्द जोडला गेला त्यात पाम पायलटचा मोठा वाटा. १९९६ साली ते आलं. ते एका छोट्या पाळण्यात उभं करायचं, पाळण्यावरचं बटण दाबायचं, की पत्ते आणि भेटी काँप्युटरशी सारख्या होत. त्या बटणाचं नाव हॉटसिंक. तेव्हा सिंक ही माणसाने दिवसातून एकदा बसून करायची गोष्ट होती. आता ती आपल्या नकळत पाठीमागे चालते, म्हणून तर ती कोणाला समजत नाही.

एक धंद्यातलं दुःखही सांगून ठेवते. बटणाला रुंदी असते. 'समक्रमित करत आहे' लिहिलं की पडद्यावर 'समक्रमि…' एवढंच उरतं. शब्द लहान असेल तर पुढचं बोलू.

शूटिंगवाला, धुळे

ताई, काळाचा अर्थ आमच्याकडे जिवंत आहे. मी लग्नाचं शूटिंग करतो आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ कापतो. गाणं आधी रेकॉर्ड होतं, नट-नटी शेतात त्यावर ओठ हलवतात. त्याला 'लिप्सिंग' म्हणायचं, मधला 'क' कोणी उच्चारत नाही. ओठ आणि आवाज दोन फ्रेम मागेपुढे झाले की "सिंक गेला". गेला बरं का, गेलं नाही. आमचा सिंक पुल्लिंगी आहे. मोबाईलवाल्यांचा नपुंसकलिंगी दिसतोय.

मोबाईलवाला, चोपडा

खरंच की. "सिंक झालं", "सिंक अडकलं" असंच म्हणतो मी. हे कुठून आलं? बहुधा 'काम झालं'वरून. लिंगाची गंमत बाजूला ठेवली तरी दोन शब्द वेगळेच आहेत हे पटलं. तुमच्या सिंकमध्ये वेळ जुळते, माझ्या सिंकमध्ये माल जुळतो.

मुनीम, दाणाबाजार, जळगाव

नवीन शब्द कशाला पाडता? मेळ.

आमच्या रोजच्या वहीचं नावच रोजमेळ आहे. गुजरातीतही हाच शब्द, त्यामुळे बाजारात मराठी, गुजराती, मारवाडी कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळी सुरुवातीची शिल्लक घ्यायची, त्यात जमा मिळवायची, नावे वजा करायची आणि गल्ला मोजायचा. वहीतला आकडा आणि हातातली रोकड एक निघाली की मेळ बसला. अकरा रुपये कमी आले तरी शटर ओढायचं नाही. मी स्वतः सात रुपयांसाठी रात्री साडेदहापर्यंत बसलेलो आहे, आणि ते सात रुपये मालकाच्या पानाचे निघाले.

पण तुमच्या कामाचा मेळ पुढचा आहे. माल देणाऱ्याची वही वेगळी, आमची वेगळी. महिनाअखेर त्यांचा माणूस वही घेऊन येतो. समोरासमोर बसतो, एक जण वाचतो, दुसरा आपल्या ओळीवर बोट ठेवून "हं" म्हणतो आणि टिचकी मारतो. त्यांच्याकडे असेल आणि आमच्याकडे नसेल ते आम्ही लिहून घेतो, आमच्याकडचं ते लिहून घेतात. उठताना दोन्ही वह्या सारख्या. तुमचा फोन याहून वेगळं काय करतो?

आता पुसण्याचं. वहीत खोडरबर चालत नाही. नोंद चुकली तर उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. कारण असं की मेळ घालताना समोरच्याकडे एक नोंद आहे आणि तुमच्याकडे ती जागा कोरी आहे, तर त्या कोऱ्या जागेचे अर्थ दोन होतात. नोंद कधी लिहिलीच नव्हती, किंवा लिहून नंतर काढून टाकली. कोरा कागद हे सांगत नाही. पहिलं असेल तर लिहून घ्यायची, दुसरं असेल तर समोरच्याला काढायला लावायची. कामं उलटी आहेत.

मोबाईलवाला, चोपडा

काका, दंडवत. ही कोरी जागा मला इतकी वर्षं कोणी समजावली नव्हती.

फोनमध्ये अगदी हेच होतं. तुम्ही नंबर पुसला तर तो नुसता नाहीसा करून अ‍ॅपचं भागत नाही. नुसता नाहीसा केला तर पुढच्या सिंकला दुसरा फोन म्हणेल, "अरे, तुझ्याकडे हा नाही, घे," आणि पुसलेला माणूस परत येईल. म्हणून पुसल्याची एक खूण मागे ठेवावी लागते. प्रोग्रामर लोक तिला टूंबस्टोन म्हणतात, थडग्याचा दगड. दुसरा फोन तो दगड बघतो आणि आपल्याकडची नोंदही पुरतो. मावशींच्या जावळाच्या फोटोंवर असे दगड उभे राहिले होते.

आणि दोघांनी एकच नोंद दोन तऱ्हेने बदलली तर? तुम्ही वही आपटून भांडाल. फोन भांडत नाही, आणि मला तेच भयंकर वाटतं. बरीच अ‍ॅपं शेवटी लिहील त्याचं खरं मानतात, आधीचं गपचूप जातं. ड्रॉपबॉक्ससारखं एखादं दोन्ही प्रती ठेवतं आणि तुमचं तुम्ही बघा म्हणतं. नंबरांच्या यादीत 'बापू', 'बापू नवा', 'बापू जिओ' असे तीन बापू दिसतात ना, तो मेळ न बसल्याचाच प्रकार. आधी सिममध्ये, मग फोनमध्ये, मग खात्यात असे तीनदा लिहिले गेलेले, आणि तिन्ही वह्या कोणी समोरासमोर ठेवल्याच नाहीत.

भाषांतरकार, पुणे (माहेर धुळे)

मेळ. दोन अक्षरं! बटणात बसतं, आनंद आहे. 'मेळ चालू', 'मेळ थांबवा', 'शेवटचा मेळ: १०.४२'. रूपंही सहज होतात.

एक शंका मात्र राहते. "त्याच्या बोलण्यात मेळ नाही" असं आपण म्हणतोच. "मेळ बसला नाही" असं फोनने म्हटलं तर लोकांना वाटेल, फोन आपल्यालाच काहीतरी सुनावतोय.

मुनीम, दाणाबाजार, जळगाव

ऐकू दे की. बोलण्यात मेळ नाही म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं जुळत नाही. अर्थ तोच.

सेविका, धडगाव

आमच्याकडे यातलं काहीच म्हणत नाहीत. २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर आल्या, तेव्हापासून आमचे शब्द दोनच: "चढलं का?" आणि "नाही चढलं." सातपुड्यात आमच्या पाड्याला रेंज नाही. एका वळणावर, महूच्या झाडाखाली, दोन कांड्या येतात. तिथे उभं राहून फोन वर धरायचा. दोघी-तिघी असलो की रांग लागते. खाली पाड्यावरून बायका हाक मारून विचारतात, "ताई, चढलं का?"

हा मेळ आहे का? आमच्याकडचं वर जातं, वरून आमच्याकडे उलट काही येत नाही.

मुनीम, दाणाबाजार, जळगाव

ताई, तो मेळ नाही, तुमचा शब्द बरोबर आहे. सातबाऱ्यावर बोजा चढतो, पीक चढतं, तसंच हे. एकतर्फी. मेळाला दोन वह्या आणि दोन्हीकडून बोट लागतं.

केळीवाला, रावेर

मग व्हॉट्सअ‍ॅपचं काय? माझ्या फोनवर आहे, काँप्युटरवर पण आहे, आणि रात्री दोनला ते काहीतरी 'बॅकअप' घेतं म्हणे. तिन्ही एकच का?

मोबाईलवाला, चोपडा

भाऊ, बरोबर तिथेच लोक फसतात.

काँप्युटरवर दिसतं तो मेळ. एका फोनला आणखी चार यंत्रं जोडता येतात आणि एकीकडे आलेला निरोप सगळीकडे दिसतो. मुख्य फोन चौदा दिवसांहून जास्त उघडला नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप सुटतात, म्हणजे मूळ वही कोणती ते ठरलेलं आहे.

रात्री दोनला होतं ते वेगळं. तेव्हाची जशी आहे तशी नक्कल काढून खात्यात नेऊन ठेवतात. तुम्ही सकाळी उठून एखादी गप्पा पुसलीत म्हणून ती नक्कल लगेच बदलत नाही. फोन विहिरीत पडला तर ती नक्कल कामी येते. (विहीर उगाच म्हणत नाही. यंदा दोन आले तसे.) पण रोज नवी नक्कल जुनीच्या जागी बसते हेही लक्षात असू द्या.

बॅकअपला मी 'ठेव' म्हणायचा विचार करतोय. मेळ आणि ठेव, जोडी बरी वाटते.

मुनीम, दाणाबाजार, जळगाव

ठेव नको. आपल्या जिल्ह्यात ठेव म्हटलं की माणसाला आधी पतसंस्था आठवते, मग डोळ्यांत पाणी येतं. परत मिळेल ही खात्री ज्या शब्दात हवी, तोच शब्द इथे बुडालेला आहे.

केळीवाला, रावेर

हा हा. आबांना विचारलं. म्हटलं, आबा, सगळी रास वापरायला काढली तरी थोडी हात न लावता ठेवतात, त्याला काय म्हणायचं? म्हणाले, "बियाण्याची." दादर ज्वारी निघाली की आधी चांगली कणसं बियाण्याला बाजूला काढायची, मडक्यात राख घालून तोंड बंद करायचं. घरात दाणा उरला नाही तरी ते मडकं फोडायचं नाही. खळ्यावरची रास कमी झाली म्हणून मडक्यातली कमी होत नाही.

शूटिंगवाला, धुळे

'फोटो बियाण्याला काढले.' आवडलं. माझ्या हार्डडिस्कवर उद्याच चिकटपट्टी लावतो.

भाषांतरकार, पुणे (माहेर धुळे)

बटणात बसेल, पण मुंबईतल्या साहेबांना पटवताना माझं बियाणं होईल.

मोबाईलवाला, चोपडा

चार दिवस वापरून पाहिलं, ते सांगतो. काउंटरच्या काचेखाली कागद सरकवला: "मेळ: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. बियाणं: इथे पुसलं तरी तिथे राहतं." कॉलेजची पोरं वाचून हसतात आणि "सिंकच ना?" म्हणतात. म्हणू देत. पन्नाशीपुढची माणसं मात्र थांबून वाचतात. एका शेतकऱ्याने विचारलं, "मग पुसण्याआधी मेळ बंद करता येतो का?" सिंक म्हणत होतो तोपर्यंत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता.

शनिवारी बाजाराला त्या मावशी आल्या. कागद वाचून घेतला, मुलीकडून असेल. रुमालाची गाठ सोडली, आतून बत्तीस जीबीचा नवा पेनड्राइव्ह काढून काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, जावळना फोटू आठे बियाणाले काढी ठेव. मेळबिळ नको माले."