पोर्टेबल यूएसबी अ‍ॅम्प: नॉब फिरवला की खरखर, चार्जर लावला की घूंऽऽ... दुरुस्त करू का नवीन घेऊ?

मेघ_रत्नागिरी

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा.

माझ्याकडे खिशात मावेल एवढा बॅटरीवाला यूएसबी डॅक-अ‍ॅम्प आहे (फोन-लॅपटॉपचा डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून वाढवणारा डबा), सेकंडहँड घेतलेला. पुढे गोल नॉब, तोच ऑन-ऑफपण, एक ३.५चा हेडफोन जॅक, मागे लाइन आउट आणि टाइप सी. त्यावर डीटी ९९० प्रो हेडफोन वापरते, २५० ओहमवाले. दिवसा घरूनच काम असतं त्यामुळे तो कायम लॅपटॉपला लावलेला, आणि रात्री फोनला लावून जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकते, ख्याल, नाट्यसंगीत वगैरे. आवाजाबद्दल काही तक्रार नाही, झकास आहे, पण पावसाळा सुरू झाल्यापासून एकेक दुखणं निघतंय.

नॉब फिरवला की खरखर आणि अगदी कमी आवाजावर डावा कान गायबच, थोडं वाढवलं की परत येतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ सुरू. बॅटरी आधी सहज दोन संध्याकाळी पुरायची, आता तासाभरात लाल दिवा. आणि फोनला कधी सापडतो कधी नाही, केबल काढ घाल काढ घाल करून वैताग आलाय.

इथला दुकानवाला म्हणाला मॅडम हे असलं आम्ही उघडत नाही, नवीन घ्या. नवीन घ्यायला हरकत नाही पण चालती वस्तू टाकायची जिवावर येतं. काय करू?

सोल्डर_गन

टाकू नका हो. तुम्ही लिहिलेल्यातलं एकही दुखणं डॅक चिपचं वाटत नाहीये. नॉब, बॅटरी, केबल आणि बाहेरची जोडणी, या डब्यांमध्ये बहुतेक वेळा हेच जातं आणि लोक चिप बदललेलं नवीन मॉडेल घेऊन येतात.

आधी नॉब. फिरवताना सुरुवातीला टिक असा आवाज होऊन सुरू होतो ना? म्हणजे आत खरा पोटेन्शिओमीटर आहे, पॉट म्हणतात तो. कार्बनचा पट्टा आणि त्यावरून घासत जाणारी धातूची जीभ. त्यावर मळ आणि दमटपणा बसला की जीभ मधेच टेकते मधेच सुटते, तीच ती खरखर. नॉब कुठेच न अडता गोल गोल फिरत असता तर तो एन्कोडर, त्याची गोष्ट वेगळी, तो बिघडला की आवाज उड्या मारतो.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणा. अ‍ॅम्प बंद करा, यूएसबी काढा, उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सुटत असेल तर तेही सोडवा. नॉबची टोपी बहुतेक नुसती ओढली की निघते, काहींना बाजूला बारीक अ‍ॅलन स्क्रू असतो. पॉटच्या पत्र्याच्या डबीला जिथून पाय बाहेर येतात तिथे फट असते, स्प्रेची नळी तिथे लावून एकदाच फुस्स, आंघोळ घालायची नाही, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवायचं. रात्रभर सुकू द्या. घरात बिजागरीसाठी जो निळा-पिवळा डब्ल्यूडी ४० असतो तो कृपया मारू नका, त्याचं तेल आत राहतं आणि मग धूळ धरतं. त्यांचाच कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो चालेल.

डावा कान गायब होणं मात्र सगळंच मळामुळे असेल असं नाही. छोट्या दुहेरी पॉटमध्ये डाव्या उजव्याचे पट्टे सुरुवातीच्या भागात एकसारखे नसतात, नवीन कोऱ्यातही नसतात. त्यामुळे गेनचा, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचा, स्विच असेल तर लो वर ठेवा, नसेल तर लॅपटॉपचा आवाज थोडा खाली आणा, म्हणजे नॉब बराच पुढे ठेवून ऐकता येईल आणि तो वाईट भाग वापरावाच लागणार नाही.

बास_एके_बास

नॉबबद्दल वरच्यांशी सहमत. घूंऽऽ म्हणजे ग्राउंड लूप, यूएसबी आयसोलेटर (मधली विजेची जोडणी तोडून फक्त डेटा जाऊ देणारा) घ्या ऑनलाइन, विषय संपला.

५०_हर्ट्झ

बासभाऊ, थांबा जरा. लूप व्हायला अर्थ, म्हणजे अर्थिंग, दोन जागी जोडलेला लागतो. एक जागा लॅपटॉपच्या चार्जरची, ठीक आहे, पण दुसरी कुठली? हेडफोन तर कानाला आहेत, भिंतीला नाहीत. नुसत्या हेडफोनमध्ये घूं येत असेल तर तो लूप नसतो.

तेव्हा मेघताई, आधी तीन गोष्टी सांगा. घूं हेडफोनमध्ये येतो का अजून कशात? अ‍ॅम्पला हेडफोन सोडून दुसरं काही जोडलंय का? आणि चार्जर दोन पिनचा आहे का तीन?

दोन पिनचा चार्जर असेल किंवा घराच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, जे जुन्या घरांत सर्रास असतं, तर चार्जरच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडासा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. धातूच्या लॅपटॉपवर बोट हलकेच फिरवलं की झिणझिण्या येतात ना, तो हाच. मग लॅपटॉपला हात लावला की आवाज बदलतो. त्याला आयसोलेटर नाही, इलेक्ट्रिशियन लागतो.

आणि आयसोलेटर घ्यायचाच झाला तर बघून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच आयसोलेटरमध्ये एडीयूएम ३१६० किंवा ४१६० ही चिप असते, ती १२ मेगाबिटच्या पुढे जात नाही. म्हणजे डॅक जुन्या यूएसबी ऑडिओ क्लास १ वर चालत असेल तर ठीक, नाहीतर काही डॅक त्यावर सुरूच होत नाहीत. मग पैसे गेले आणि घूं राहिला.

मेघ_रत्नागिरी

बापरे, एवढं सगळं! धन्यवाद.

चार्जर तीन पिनचा. घूं मुख्य म्हणजे स्पीकरमधून येतो, हेडफोनमध्ये अगदी बारीक, लक्ष दिलं तरच. हो, मागच्या लाइन आउटला टेबलावरचे पॉवर्ड स्पीकर कायम जोडलेले असतात, तेही तीन पिनचेच आणि ते खोलीतल्या पलीकडच्या सॉकेटला आहेत कारण वायर पुरत नाही.

५०_हर्ट्झ

मग सापडला चोर. हा खरोखरच लूप आहे, बासभाऊंचं निदान बरोबर, औषध मात्र वेगळं.

लॅपटॉपचा अर्थ चार्जरमधून एका सॉकेटला, स्पीकरचा अर्थ दुसऱ्या सॉकेटला, आणि दोघांच्या मधे यूएसबी केबल, तुमचा अ‍ॅम्प आणि स्पीकरची वायर. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा फरक असतोच, तो फरक तुमच्या ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून वाहतो आणि ५० हर्ट्झचा घूं ऐकू येतो. चार्जर काढला की साखळी तुटते म्हणून बंद.

खात्री करायला फक्त स्पीकरची वायर अ‍ॅम्पमधून काढा, चार्जर चालू ठेवून हेडफोन ऐका. शांत झालं तर पक्कं. मग एक बऱ्यापैकी एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि लॅपटॉप, स्पीकर दोन्ही त्या एकाच बोर्डवर लावा, पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. तरी राहिला तर लाइन आउट आणि स्पीकरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला ऑडिओ आयसोलेटर, अगदी स्वस्त घेतलात तर खर्ज थोडा खाईल.

एक मात्र करू नका, स्पीकरच्या प्लगची अर्थची जाड पिन काढणं. घूं जातो खरा, पण उद्या स्पीकरच्या आत काही सुटलं तर बॉडीला करंट येईल.

ओटीजी_बंद

फोनबद्दल मी सांगतो. फोन ओप्पो, रिअलमी किंवा वनप्लस आहे का? असेल तर सेटिंग्जमध्ये ओटीजी कनेक्शन (फोनला बाहेरची यूएसबी वस्तू जोडायची सोय) म्हणून वेगळं बटण असतं आणि दहा मिनिटं काही वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. अ‍ॅम्पचा काही दोष नसतो, लोक केबलमागून केबल विकत आणतात. वरून खाली ओढायच्या पॅनेलमध्ये ते बटण आणून ठेवा, अ‍ॅम्प लावायच्या आधी चालू करायचं.

ते नसेल तर केबल. चार्जरबरोबर आलेल्या काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, अ‍ॅम्प चार्ज होतो पण आवाजासाठी दिसत नाही. आणि सी टू सी केबलवर कधीकधी फोन आणि अ‍ॅम्प दोघांचं ठरत नाही कोण कोणाला करंट देणार, मग अ‍ॅम्पच फोनची बॅटरी पीत बसतो. चार्जिंग बंद करायचा स्विच असेल तर फोनवर ऐकताना तो बंद ठेवा.

अजून एक, लावताना आवाज आधी शून्यावर आणा मगच हेडफोन कानावर. नवीन डॅक जोडला की कधीकधी आवाज एकदम पूर्णवर जातो, २५० ओहमवाले सहन करतील, इअरफोनवाल्याचे कान बसतील.

कानसेन_नाही

थोडं विषयांतर, पण हा अ‍ॅम्प लागतो तरी का? हजाराच्या आतबाहेर मिळणारं ते अ‍ॅपलचं पांढरं यूएसबी-टू-हेडफोन डोंगल लावा आणि मोकळे व्हा. चिप, हाय-रेस, सगळा मार्केटिंगचा खेळ आहे. अँड्रॉइड बहुतेक फोनवर तसंही सगळं ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) बदलूनच पाठवतं, मूळ फाइल कशीही असो.

५०_हर्ट्झ

हाय-रेसबद्दल वाद घालत नाही, जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगला तर अजिबातच नाही. ते ४८चं पण खरं आहे, अँड्रॉइड १४ पासून जसंच्या तसं पाठवायची सोय आली, पण अ‍ॅपने ती वापरली तर.

पण अ‍ॅम्पचा प्रश्न व्होल्टेजचा आहे. डीटी ९९०च्या २५० ओहमला १ व्होल्ट दिला तर ४ मिलीवॅट जातात, कंपनीच्या ९६ डेसिबल प्रति मिलीवॅटच्या आकड्याने तो आवाज साधारण १०२ होतो. २ व्होल्ट दिला तर १०८. ते पांढरं डोंगल जेमतेम १ व्होल्टचं, त्याची युरोपातली आवृत्ती त्याच्याही निम्मी, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते आतला आवाज पूर्ण उघडतच नाही. हल्लीचं फिल्मी गाणं मोठ्या आवाजातच रेकॉर्ड केलेलं असतं, त्याला हे भरपूर झालं. पण पन्नास साठ वर्षांपूर्वीची मैफल, आलाप अगदी दबक्या आवाजात आणि तबल्याची थाप त्याच्या कितीतरी वर, तिथे आलाप ऐकू यावा म्हणून आवाज चढवायचा तर वर जागा शिल्लक लागते. म्हणून मेघताईंच्या हेडफोनला अ‍ॅम्प आहे ते योग्यच आहे. ३२ ओहमचे इअरफोन असते तर मीही डोंगलच घ्या म्हणालो असतो.

कानांचंही बघा मात्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९०ला फक्त ४.

सोल्डर_गन

बॅटरीचं राहिलंच. कायम लॅपटॉपला लावून १०० टक्क्यावर आणि वर अ‍ॅम्पची ऊब, लिथियम सेलला यापेक्षा वाईट काही नाही. भरून ठेवल्याने आणि उष्णतेने तो म्हातारा होतो. महिना महिना वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून कपाटात, पूर्ण रिकामा कधीच नाही.

आता आधी हे बघा: डबा कुठे फुगलाय का, मधली फट रुंदावलीय का, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतोय का. तसं असेल तर चार्जिंग आजपासून बंद, टोचायचं दाबायचं नाही, सेल काढून ई-कचऱ्यात. फुगला नसेल आणि उघडता येत असेल तर सेलवरचा आकडा वाचून इथे टाका.

आणि तुमच्याकडच्या हवेत हेडफोनच्या पिनवर आणि जॅकच्या आत हिरवट थर बसतो. पिनला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती आतबाहेर फिरवली की बरंच काम होतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कॅमेऱ्याची लेन्स ठेवतात तसं.

मेघ_रत्नागिरी

बरं, अपडेट. स्पीकरची वायर काढली तर घूं गायब, हेडफोनमधला बारीकसुद्धा. मोठा बोर्ड आणून दोन्ही एकावर घेतलं, स्पीकरला कान लावला तर किंचित आहे, बसल्या जागी काही नाही, चालेल मला. फोन रिअलमीच आहे आणि ते ओटीजीचं बटण बंदच होतं!! क्लीनर मारल्यावर खरखर जवळजवळ गेली, डावा कान अगदी तळाला अजून थोडा मागे राहतो पण लो गेनवर नॉब तिथे न्यावाच लागत नाही.

सेल फुगलेला नाही, सपाट आहे. त्यावर ६०३४५० लिहिलंय, ३.७ व्होल्ट, आणि तीन वायरी बाहेर येतात, लाल काळी पांढरी, छोट्या पांढऱ्या कनेक्टरला. हे कुठे मिळेल, आणि कुरिअरने मागवू का?

सोल्डर_गन

६०३४५० म्हणजे जाडी ६ मिमी, रुंदी ३४, लांबी ५०. दुकानात हाच आकडा सांगायचा. एवढ्या आकारात साधारण हजार-बाराशे एमएएच बसतात, त्यावर ३००० छापलेलं असेल तर तो दुकानदाराला परत द्या. प्रोटेक्शन सर्किटसकट घ्या, वरच्या टोकाला पिवळ्या टेपखाली छोटी पट्टी असते ती.

तिसरी पांढरी वायर बहुतेक तापमान मोजायच्या थर्मिस्टरची. नवीन सेल दोन वायरीचा मिळाला आणि तसाच लावला तर चार्जिंग सुरूच होणार नाही असं होऊ शकतं, म्हणून तीनवाला शोधा आणि जुन्याइतक्याच किमतीचा थर्मिस्टर आहे ना ते विचारा, बहुधा १० किलोओहमचा असतो पण जुन्यावर मोजूनच घ्या. कनेक्टर दिसायला सारखा असला तरी लाल-काळी उलट बसवलेले सेल सर्रास विकतात, त्यामुळे लावायच्या आधी मल्टिमीटरने प्लस कुठे ते बघायचंच, उलटा लागला तर अ‍ॅम्प जागच्या जागी जाईल.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सुटे लिथियम सेल कुरिअरने पाठवायला बरेच जण नाही म्हणतात, तेव्हा कोणी तिकडून येणारं असेल तर जुन्या सेलचा फोटो आणि कनेक्टरचा जवळून फोटो पाठवून त्यांच्याकडून आणवा. सोल्डरिंग करावं लागलं तर दोन्ही वायरी एकदम सोलू नका, एक जोडून टेप लावायची, मगच दुसरी.