स्कोमेट यादी आणि पीटीएफई लायनिंगचे व्हॉल्व्ह: परवाना, अंतिम वापरकर्ता आणि मागील निर्यात यांबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचा व्हॉल्व्ह बनवण्याचा लघुउद्योग आहे. बॉडीचे कास्टिंग शिरोलीच्या फाउंड्रीतून येते. मशिनिंग आणि आतले पीटीएफई किंवा पीएफए या गंजरोधक प्लास्टिकांचे लायनिंग (अस्तर) आमच्याकडे होते. कुरकुंभ, महाड, लोटे, वापी येथील रासायनिक कारखाने हे आमचे जुने गिऱ्हाईक. गेल्या काही वर्षांत थोडी निर्यातही सुरू झाली आणि तिच्याच संदर्भात मला जाणकारांची मदत हवी आहे.

दुबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक इंच ते चार इंच मापाच्या लाइन्ड बॉल व्हॉल्व्हची मोठी ऑर्डर आली आहे. कोटेशन तयार करताना एका परिचित निर्यातदाराने सहज विचारले, की स्कोमेट, म्हणजे ज्या वस्तू निर्यात करण्यासाठी परवाना लागतो त्यांची सरकारी यादी, तपासली का? मी तोवर ही यादी म्हणजे क्षेपणास्त्रे, अणुभट्ट्या आणि दारूगोळा यांच्यापुरतीच आहे असे समजत होतो. यादी उघडून वाचल्यावर मात्र तिसऱ्या प्रवर्गातील रासायनिक प्रक्रियेच्या उपकरणांत आमच्याच मालाचे वर्णन सापडले. नाममात्र माप 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि रसायनाला स्पर्श करणारे सर्व पृष्ठभाग ठरावीक गंजरोधक पदार्थांचे असतील, तर तो व्हॉल्व्ह नियंत्रित ठरतो. त्या पदार्थांत टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम, काच यांच्याबरोबर वजनाने 35 टक्क्यांहून अधिक फ्लोरिन असलेले फ्लोरोपॉलिमरही आहेत, आणि पीटीएफईत फ्लोरिनचे प्रमाण सुमारे 76 टक्के असते. आमचा सर्वांत लहान व्हॉल्व्हच एक इंची आहे.

आमच्या सीएचएचे (सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटचे) म्हणणे असे, की व्हॉल्व्ह सीमाशुल्क वर्गीकरणातील 8481 या शीर्षाखाली जातात, तेथे निर्यात मुक्त आहे आणि न्हावा शेव्याहून आजवर एकही शिपिंग बिल अडलेले नाही. माझ्या वाचनाप्रमाणे हा युक्तिवाद टिकत नाही, कारण स्कोमेट वस्तू ठरते ती तिच्या तांत्रिक गुणधर्मांवरून. एकाच शीर्षाखाली साधा पितळी नळही येतो आणि आमचा व्हॉल्व्हही येतो. यात माझी काही चूक होत असेल तर कृपया दाखवून द्यावी.

नियम आम्हा लहान उद्योजकांना जाचक वाटतात, पण हा नियम कोठून आला हे वाचल्यावर माझी भावना बदलली. 1980च्या दशकात इराकने समाराजवळचा आपला रासायनिक अस्त्रांचा कारखाना कीटकनाशकांच्या उत्पादनाच्या नावाखाली उभारला आणि त्यासाठी लागणारी सामग्री व रसायने बाहेरच्या देशांतील कंपन्यांकडून घेतली. इराण-इराक युद्धात ही अस्त्रे वापरली गेल्याचे उघड झाल्यावर 1985 मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप हा अशा सामग्रीच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला. 16 मार्च 1988 रोजी इराकमधील हलब्जा शहरात विषारी वायूने हजारो कुर्द नागरिक मेले. भारत या गटाचा सदस्य जानेवारी 2018 मध्ये झाला. त्या काळी आपला माल कीटकनाशकांच्या कारखान्यात जातो आहे असे समजून निश्चिंत राहिलेले माझ्यासारखे छोटे उत्पादकही असणार. त्यामुळे "आपण केवळ व्हॉल्व्ह विकतो" असे म्हणून मला मोकळे होता येत नाही.

आता माझ्या अडचणी. पहिली आणि सर्वांत गंभीर अडचण अंतिम वापरकर्त्याची आहे. परवान्याच्या अर्जासोबत अंतिम वापर व अंतिम वापरकर्ता यांचे प्रमाणपत्र द्यावे लागते, परंतु हा व्यापारी माल कोणाकडे जाणार हे सांगायला तयार नाही. आपले गिऱ्हाईक आपण थेट गाठू अशी भीती त्याला वाटते. व्यापारात ही भीती खोटी नाही, आम्हीही डीलरशी व्यवहार करताना ती अनुभवली आहे. अशा वेळी त्याने अंतिम वापरकर्त्याचे नाव परवाना देणाऱ्या विदेश व्यापार महासंचालनालयाला थेट कळवावे आणि आम्हाला कळवू नये, अशी काही सोय आहे का? की माल त्याच्या गोदामासाठी साठा म्हणून पाठवण्याची वेगळी तरतूद वापरता येते?

दुसरी अडचण सुट्या भागांची. यादीत व्हॉल्व्हच्या बॉडी आणि तयार लायनर यांचाही उल्लेख मला दिसतो. मग जुन्या ग्राहकाला चार लायनर कुरियरने पाठवायचे असले तरी परवाना घ्यावा लागेल का? आमच्या एका बटरफ्लाय मॉडेलमध्ये डिस्क स्टेनलेस स्टीलची आणि सीट रबराची असते. सर्व पृष्ठभागांची अट तेथे पुरी होत नसल्याने ते मॉडेल यादीबाहेर राहते असे मी धरून चाललो आहे.

तंत्रज्ञानाबद्दलही शंका आहे. 2010 मध्ये विदेश व्यापार कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर तांत्रिक माहिती परदेशी पाठवणे हाही नियंत्रणाचा विषय आहे. ग्राहकाने मागितलेले जोडणीचे ड्रॉइंग आणि उत्पादनाचे ड्रॉइंग यांत फरक केला जातो का, हे ज्यांनी अर्ज केला आहे त्यांनी सांगावे.

शेवटची गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो. मागील तीन वर्षांत असेच व्हॉल्व्ह आम्ही दोनदा केनियातील एका खत कारखान्याला परवान्याशिवाय पाठवले आहेत. वापरकर्ता खरा आहे, त्यांच्या अभियंत्याशी माझे नेहमी बोलणे होते. तरीही नियम मोडला गेला हे खरे. माझ्या भावाचे मत आहे, की झाले ते झाले, यापुढे नीट करू. मला स्वतःहून कळवावेसे वाटते. कोणी असे केले असल्यास अर्ज कसा लिहिला, सोबत कोणती कागदपत्रे जोडली आणि आधी वकील गाठावा की थेट महासंचालनालयाच्या पुण्यातील विभागीय कार्यालयात जावे, हे कळवावे.

पुरवणी: प्रतिसादांत दोघांनी सुचवले, की चलनात पीटीएफईचा उल्लेख न करता केवळ "औद्योगिक व्हॉल्व्ह" असे लिहावे. सूचना सद्भावनेने केली असेल, पण मी तसे करणार नाही. दुबईच्या व्यापाऱ्याला आज कळवले आहे, की अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र आल्याशिवाय आणि परवाना मिळाल्याशिवाय माल निघणार नाही. त्याने आठ दिवस मागितले आहेत. त्या आधी पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडून मिळाले तर फार उपकार होतील.