'निवडलेला' या अर्थाचा इंग्रजी 'येकोरेन' कशाने मेला?

शब्दखोदू
आज 'चोझन' म्हणतात, पण हजार वर्षांपूर्वी हे रूपच नव्हतं. निवडणे 'चेओसन', त्याने निवडलं 'चेआस', त्यांनी निवडलं 'कुरोन', आणि निवडलेला 'येकोरेन'. देवाने निवडलेल्यांसाठी धार्मिक गद्यात हाच शब्द येई. पुढे त्याचं 'इकोरेन', 'इकोर' झालं आणि मग तो गेलाच. माझ्या मते धान्यवाचक 'कॉर्न'ने त्याचा घास घेतला. 'ये'चा 'इ' झाला, उत्तरेकडे तर तो लवकरच गळला. उरलेलं 'कोरेन' भरभर म्हणा, धान्यच ऐकू येतं.

रूपावली
साफ असहमत. 'गोठलेला' हा 'फ्रोरेन' होता, त्याचा 'फ्रोझन' झाला. त्याला कुठलं धान्य आडवं आलं? डचमध्ये धान्याला 'कोरेन'च म्हणतात, तरी 'आउटफरकोरेन' (निवडक) आजही चालतो.

शब्दखोदू
तोही उपसर्गाच्या आडोशाने! उपसर्ग नसलेल्या क्रियापदाचं कृदंत डचमध्येही 'खेकोझेन' झालंय.

रूपावली
तेच तर म्हणतेय, घोळ क्रियापदाच्या रूपांच्या यादीतच आहे. मूळ 'स' दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागला. आघात लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर 'स' टिकला. नसेल तर त्याचा 'झ' आणि पुढे 'र' झाला. हा डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नरचा १८७०च्या दशकातला नियम, आणि पुरावा वैदिक आघातांत आहे. मूळ 'त'लाही हाच नियम लागतो: 'भ्राता'त आघात पहिल्या अक्षरावर, 'पिता'त शेवटच्या. म्हणून जर्मनमध्ये 'ब्रूडर'मध्ये ड, 'फाटर'मध्ये ट. शिवाय 'ए', 'इ'पुढे 'क'चा 'च' झाला, 'उ', 'ओ'पुढे नाही. म्हणजे 'चेओसन' आणि 'कोरेन' तोंडाकडूनही वेगळे, शेपटाकडूनही. नातं ओळखू येईना तेव्हा लोकांनी क्रियापदावरूनच नवं कृदंत पाडलं.

शब्दखोदू
नातं न दिसणं एवढं जीवघेणं असतं, तर मराठीत 'जा–गेला', 'मर–मेला' कसे टिकले?

रूपावली
रोज तोंडात असतात म्हणून. इंग्रजी 'वॉज–वेअर' ही तीच स–र जोडी, तीही वापरामुळेच तगली. 'निवडणे' तितकं रोजचं नाही. दुसरी वाट म्हणजे क्रियापदापासून तुटणं. 'फॉरलॉर्न'चं (एकाकी, केविलवाणा) क्रियापदच मेलं, त्यामुळे त्याला ओढून सरळ करणारं कोणी उरलं नाही. 'सॉडन' म्हणजे मूळचं 'उकडलेलं'. आता 'चिंब' अर्थाने सुटं फिरतं.

काठावरून
(अवांतर: गीतेतल्या 'अनार्यजुष्टम्'मधला 'जुष्' हा 'चेओसन'च्याच मूळ धातूचा, चाखणे-पसंत करणे या अर्थाचा.) रूपावली, सपाटीकरण, म्हणजे वेगळी रूपं एकसारखी होणं, मान्य. पण जर्मनमध्ये ते उलट्या दिशेने झालं: गोठणे 'फ्रीरेन', हरवणे 'फेर्लीरेन'. तिथे 'र'ने 'स'ला गिळलं. मग इंग्रजीत 'र'च का हरला?

रूपावली
'चेओसन'पुरतं सांगायचं तर तोंडाचा क–च फरक. 'र' राखला असता तरी अर्धी विसंगती उरलीच असती.

काठावरून
'फ्रीझ'मध्ये कुठे आहे क–च? तिथेही 'र'च हरला. हे कारण लंगडं आहे.