मृग लागला : रानभाज्या लावणं, रांधणं आणि शोधत फिरणं – तुमचे अनुभव लिहा

मृग नक्षत्र लागलं की मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. करटोली घरी कुंडीत येतात का? शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून काय करायचं? आणि रानभाज्या बघायला-खायला जायचं तर कुठल्या भागात? माझ्यापरीने मी उत्तरं देत आलेय, पण माझी माहिती एका घरातली आणि एका तालुक्यातली. म्हणून यंदा तुम्हा सगळ्यांनाच बोलावते आहे. जे स्वतः लावलंत, स्वतः शिजवलंत, जिथे स्वतः गेलात, तेवढंच लिहा. अमुक भाजीने तमुक आजार बरा होतो, असलं ऐकीव काही नको. भाजीचं नाव मात्र तुमच्या भागात जे असेल तेच लिहा, इतर जण आपल्याकडचं नाव जोडतील.

आणि एक कळकळीची विनंती. नुसता फोटो बघून रानातून काही खुडून आणून खाऊ नका. भाजी दाखवणारं जाणतं माणूस सोबत असेल तेव्हाच खुडा, नाहीतर विकायला बसलेल्या बायकांकडून घ्या. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली ही जाण आहे आणि आपण जी काही रानभाजी खातो ती त्यांच्या जिवावर.

वसईहून

शेवळांचं मी सांगते, कारण आमच्या घरी शेवळं झाल्याशिवाय पावसाळा सुरू झाला असं कुणी मानतच नाही. पहिल्या सरी पडल्या की जमिनीतल्या कंदातून पानाच्या आधी हा फुलोरा वर येतो. मिटलेल्या छत्रीसारखा उभा, बाहेरून तपकिरी-जांभळट. जूनमध्ये दोन-तीन आठवडे मिळतात, मग संपलं. वसई, विरार, पालघर स्टेशनाबाहेर आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी हिरव्या आवळ्यासारख्या फळांचा छोटा वाटा असतो, ती काकडं. शेवळं घेतली आणि काकडं राहिली तर मावशीच हाक मारून परत बोलावते.

साफ करताना आधी हाताला तेल चोळायचं. बाहेरचं आवरण उलगडलं की आत मधला दांडा दिसतो. त्याच्या खालच्या अंगाला पिवळसर, दाणेदार भाग असतो, तो काढून टाकायचा. खाज त्यात सगळ्यात जास्त. बाकीचं बारीक चिरायचं आणि कढईत जरा सढळ तेलावर परतत राहायचं. इथे घाई करायची नाही. रंग गडद होऊन भाजी आळून निम्म्यावर येते, तोवर परतायचं. काकडं ठेचून पाण्यात कुस्करून त्याचा आंबट रस गाळून घ्यायचा आणि तो घालून शिजवायचं. मग कांदा, आलं-लसूण, गरम मसाला, खोबऱ्याचं वाटण. आमच्याकडे सोडे किंवा कोलंबी पडते. सीकेपी घरांतून खिम्यातही करतात. शाकाहारी करायची तर भिजवलेली चणाडाळ किंवा वाल.

कुणीतरी विचारलं होतं, काकडं मिळाली नाहीत तर? चिंचेचा घट्ट कोळ किंवा आमसुलं चालतात, चव थोडी वेगळी येते. पण आंबट काहीच न घालता शेवळं करू नका. आणि सगळ्यांना वाढण्याआधी एक घास स्वतः खाऊन थोडं थांबायचं, ही आमच्या सासूबाईंची शिस्त मी अजून पाळते.

नाशिकहून

करटोलीबद्दल लिहितो. घरी येतात, छान येतात, पण वेलाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. "वेल भरपूर वाढलाय, पिवळी फुलंही येतात, पण फळ एकही नाही" अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दारात एकटा नर वेल असतो किंवा एकटी मादी. फूल हातात घेऊन बघा. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलंसं काटेरी करटोलं आधीपासूनच दिसतं, नर फुलामागे नुसता देठ असतो. शेतात लागवड करणारे साधारण 8-10 मादी वेलांमागे 1 नर वेल ठेवतात. घरी दोन-तीन मादी आणि एक नर पुरे.

बियांपासून लावायचं तर धीर हवा. बी कडक कवचाचं, उगवायला फार वेळ घेतं आणि वेल नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून कंद मिळवा. ज्याच्याकडे फळणारा वेल आहे त्याच्याकडून मादीचा कंद आणि नराचा कंद वेगवेगळा मागून घ्यायचा आणि घरी आणल्याबरोबर त्यावर खूण करायची.

माझी पद्धत अशी. मोठी कुंडी, कमीत कमी दीड फूट खोल, कारण कंद दरवर्षी पोसतो. निम्मी माती, बाकी शेणखत आणि थोडी वाळू. पाणी साचलं की कंद कुजतो, तेव्हा खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघायचं. मे अखेरीला कंद लावायचा, वळवाच्या पावसाने कोंब वर येतो. मग सुतळी किंवा जाळी. फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे शहरात परागीभवन करायला कीटक पुरेसे येतीलच असं नाही. मी दिवेलागणीला नर फूल खुडतो, त्याच्या पाकळ्या मागे वळवतो आणि मधला पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवतो. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. चार दिवसांत मागचं बोंड फुगायला लागलं की जमलं. आमची धाकटी हे काम माझ्याहून नीट करते, तिची बोटं बारीक.

दिवाळीनंतर वेल सुकतो. मेला समजून कुंडी रिकामी करू नका. कंद आत झोपलेला असतो. उन्हाळाभर कुंडी सावलीत कोरडी ठेवायची, पुढच्या वर्षी तोच फुटतो.

भाजी तर सोपी आहे. उभी चिरून, कोवळ्या बिया तशाच ठेवून, कांद्यावर झाकण न ठेवता परतायची. बिया कडक लागल्या तर तेवढ्या काढा.

गडचिरोलीहून

आमच्याकडे करटोलीला काटवल म्हणतात आणि टाकळ्याला तरोटा. तुमच्याकडे बाजारात क्वचित दिसणारी एक भाजी आमच्याकडे भरपूर: वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. कच्चे खायचे नाहीत, त्यात विषारी अंश असतो. सोलून बारीक चिरायचे, पाण्यात भिजवायचे, उकळून ते पाणी फेकून द्यायचं आणि मगच फोडणी.

इथल्या रानभाजीबद्दल बोलताना हक्काबद्दलही बोललं पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळण्याची वाट झाली आणि आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये तो मिळवला. जंगलात भाजी खुडणाऱ्या बाईला कुणी चोर म्हणू नये, यासाठी माणसं वर्षानुवर्षं झगडली आहेत. बाजारात पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना एवढं आठवावं.

पुण्याहून

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. धागाकर्तीने फोटोबद्दल जे लिहिलंय त्याला माझं पूर्ण अनुमोदन. टाकळ्याचंच उदाहरण घ्या. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला गोलसर, रुंद. त्याच्याच कुळातला कासविंदा पडीक जागी शेजारीच उगवतो. त्याच्या जोड्या जास्त, चार-पाच, आणि पर्णिका टोकदार. कासविंद्याच्या बिया विषारी असतात. टाकळ्याची आणखी एक खूण म्हणजे संध्याकाळ झाली की त्याच्या पर्णिका जोडीजोडीने मिटतात. मात्र ही सवय या कुळात इतरांनाही आहे, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, पर्णिकांचा आकार बघा.

दुसरं, कंद. पावसाळ्यात सुंदर लाल-पिवळी फुलं येणारी कळलावी सगळ्यांनी पाहिली असेल. तिचा कंद अत्यंत विषारी. जमीन उकरून मिळालेला कुठलाही अनोळखी कंद शिजवायचा नाही. कडूकंदासारखे काही कंद आदिवासी खातात, पण ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून, बऱ्याच सोपस्कारांनंतर. ती रीत येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू, शेवळं, घोळ या भाज्या डॉक्टरांना विचारून खाव्यात. या भाज्यांत ऑक्झलेट भरपूर असतं. अळूची आणि शेवळांची खाज त्याच्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे.

फोंड्याहून (गोवा)

आमचो तायकिळो म्हणजे तुमचा टाकळा. पहिल्या पावसात कोवळा असतानाच. फुलावर आला की निबर होतो. पानं बारीक चिरून, उन्हाळ्यात मातीत घोळवून जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून त्यात, कांदा, हिरवी मिरची आणि वरून मूठभर ओलं खोबरं. बाकी काही नको. सावंतवाडीकडच्या माहेरी भारंगीही असायची. तिची पानं उकडून, पिळून कडू पाणी काढतात आणि मग कांदा-वाल घालून करतात. परसात एक झुडूप असलं तर दर पावसाळ्यात नवी पालवी देतं, मुद्दाम काही करावं लागत नाही.

न्यू जर्सीहून

इथे शेवळं-करटोली रानात कुठून मिळणार! फ्रोझन करटोली तेवढी भारतीय दुकानात मिळतात. पण दोन आपल्या भाज्या इथे तण म्हणून उगवतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एक घोळ आणि दुसरी चाकवत. जून-जुलैमध्ये भाजीच्या वाफ्यांत दोन्ही भरपूर येतात आणि शेजारी उपटून कंपोस्टात टाकतात. मी मागून आणते. आता शेजारची आजीच पिशवी भरून दारात ठेवते आणि मी तिला ताकातल्या चाकवताचा डबा देते.

घोळ ओळखताना एक काळजी घ्या. तशीच जमिनीवर पसरणारी दुधी नावाची (दुधी भोपळा नव्हे) वेगळी वनस्पती तिच्याच जवळ उगवते. देठ मोडला आणि पांढरा चीक आला, तर ती घोळ नाही, टाकून द्या. घोळीची पानं आणि देठ जाडसर, रसरशीत असतात आणि चीक येत नाही. रस्त्याकडेची किंवा हिरवळीवरची खुडू नका, तिथे तणनाशक मारलेलं असतं.

भारतातून बिया-कंद आणण्याबद्दल: विमानतळावर घोषित न करता आणू नका. ऑस्ट्रेलियातली माझी बहीण सांगते, तिथे तर याबाबत फारच कडक आहेत.

जव्हारहून

जायचं कुठे, याचं उत्तर. मुंबई-ठाण्याकडच्यांनी वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हा पट्टा धरावा. जुलैमध्ये इथली हिरवाई आणि दाभोसा धबधबा बघायला लोक येतातच, येताना रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या बायकांजवळही थांबा. कुर्डू, फोडशी, टाकळा, करटोली, चाईचा मोहोर, जे त्या आठवड्यात निघालं असेल ते असतं. फोडशी घेतलीत तर जुडी सुटी करून पाण्यातून तीन-चारदा काढा, बुंध्याशी माती फार.

मी इथल्या शाळेत आहे. आमच्या मुलांच्या घरी पावसाची पहिली कवळी भाजी आधी देवाला दाखवतात, मगच घरात शिजते. खुडतानाही शेंडे तेवढे घेतात, मूळ हलवत नाहीत. भाजी उपटून नेणारे पाहुणे बघितले की मुलांना मनापासून वाईट वाटतं. हौशीने खुडायला येणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही तर अभयारण्यं आहेत, तिथे खुडायचंच नाही, बघायचं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुकाही बघण्यासारखा आहे. भंडारदऱ्याला आलात तर कोंभाळणे गाव फार लांब नाही. राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपण्याचं जे काम तिथे केलं, त्यासाठी त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. वाल, घेवडे, भाज्या यांची देशी बियाणी म्हणजे काय असतात, ते तिथे कळतं. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव ठिकठिकाणी भरतात. लांब जाणं जमत नसेल तर आपल्या जिल्ह्यातला गाठा. तिथे करणाऱ्या बायका समोर असतात, शंका तिथल्या तिथे विचारता येतात.

ठाण्याहून

बाल्कनीत अळू होतं का, असं एका ताईंनी विचारलेलं राहून गेलं, म्हणून लिहितो. होतं. पसरट कुंडी, ऊन कमी असलं तरी चालतं, माती सतत ओली हवी. आम्ही तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तिलाच घालतो. वडीसाठी काळ्या देठाचं आणि फतफत्यासाठी हिरव्या देठाचं, असे दोन कंद वेगळ्या कुंड्यांत लावा. सगळी पानं एकदम कापू नका, मधलं उलगडतं पान आणि त्याच्या शेजारचं एक ठेवा. फतफतं करताना देठ सोलून घ्यायचे आणि चिंच घालून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचं. अळू कच्चट राहिलं की घसा खवखवतो. माझ्याकडे दोन्ही जातींची पिल्लं फुटली आहेत, स्टेशनजवळ येऊन नेता येतील त्यांनी सांगा.